बुडातलं लाकूड

आलापल्लीच्या जंगलातला साग बल्लारपूरच्या डेपोत लिलावाला लागतो, तेव्हा व्यापारी त्याचा घेर आणि गाभ्याचा रंग पाहतात. अयोध्येच्या मंदिरासाठी 2023 मध्ये इथूनच साग रवाना झाला. पण ओंडक्याचं निम्मं मोल त्याआधी कूपातच, म्हणजे तोडणीसाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्यातच, ठरून गेलेलं असतं.

गडचिरोलीतल्या एका कूपात मी हिवाळ्यात तोडणी जवळून पाहिली. झाडावर छातीच्या उंचीला क्रमांक होता आणि बुडाशी हातोड्याचा शिक्का. झाड पडलं तरी हा शिक्का खुंटावर राहायला हवा. पुढची तपासणी त्यावरूनच होते. टोळीतल्या जाणत्या गड्याने आधी झाडाभोवती फेरी मारली. फांद्यांचा भार कुणीकडे, बुंधा कुठे कललाय, खडक कुठे, कोवळी रोपं कुठे, हे पाहिलं. शेजारच्या झाडात गुंतलेली वेल त्याने कोयत्याने तोडली. "ही राहिली तर बाजूचं झाडही ओढते," तो म्हणाला.

मग झाड ज्या बाजूला पाडायचं, तिकडे जमिनीलगत खाच घेतली. करवत विरुद्ध बाजूने चालली आणि खाचेच्या थोडी अलीकडे थांबली. मधे राखलेली लाकडाची पट्टी बिजागरीसारखी वळली आणि झाड ठरल्या जागी आडवं झालं. ही पट्टी नीट राखली नाही, तर बुंधा उभा फाटू शकतो. मग सर्वांत जाड, सर्वांत मोलाचा ओंडका जळाऊ लाकडाच्या ढिगात जातो.

खुंट किती उंच ठेवला, यालाही मोल आहे. 120 सेंटिमीटर घेराच्या झाडाचा खुंट 15 सेंटिमीटर जास्त ठेवला, तर पाव घेराच्या हिशेबाने (घेराच्या चौथाईचा वर्ग गुणिले लांबी) 0.0135 घनमीटर लाकूड जंगलातच राहतं. शंभर झाडांमागे हे 1.35 घनमीटर होतं. म्हणजे तेवढ्याच घेराचे 3 मीटर लांबीचे पाच ओंडके. शिवाय सागाला खुंटापासून नवे फुटवे येतात. खुंट बुटका आणि उतरता तासलेला असेल, तर त्यावर पाणी साचत नाही आणि जमिनीलगतचा फुटवा भक्कम उभा राहतो.

पुढचं नुकसान तुकडे पाडताना होतं. सरसकट सारख्या मापाने कापलं, तर बाक ओंडक्याच्या मधोमध येतो आणि आरागिरणीत लांब सरळ फळी निघत नाही. त्या गड्याने टेप लावला आणि बाकावरच काप घेतला. दोन सरळ नग मिळाले.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 1996 मध्ये लाकूडतोडीची आदर्श संहिता काढली. आधी आखणी, मग दिशा ठरवून तोड, ओढणीच्या वाटा मोजक्या आणि उरलेल्या जंगलाला कमीत कमी इजा, हाच तिचा आग्रह आहे. अ‍ॅमेझॉन असो वा बोर्निओ, उष्ण प्रदेशातल्या कुठल्याही जंगलाला तो लागू पडतो.

आपल्याकडे हे कसब जाणत्या हातांत आहे. पण मजुरी फक्त किती माल निघाला यावर मोजली, तर तेच हात घाई करतात. म्हणून बुटका खुंट, न फाटलेला बुंधा आणि शाबूत राहिलेली शेजारची झाडं यांनाही मजुरीत दर द्यावा. नव्या गड्यांना जाणत्यांच्या हाताखाली पगारी शिकवणी मिळावी. एक झाड वाया जाऊ दिलं नाही, की दुसरं तोडावं लागत नाही.