ईदचा कुर्ता आणि दुकानाची पाटी

रमजान लागायला आठवडा बाकी होता. संध्याकाळी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. मेडशीत त्याचं शिलाईचं दुकान आहे. वडिलांकडून आलेलं, दोन मशीनचं. हातात घडी केलेला कागद होता.

"सर, दुकानाला नवी पाटी करायची आहे. वर मराठी, खाली उर्दू. मजकूर तेवढा नीट करून द्या."

कागदावर त्याने काही ओळी लिहून आणल्या होत्या. सर्व प्रकारचे कपडे आधुनिक पद्धतीने व माफक दरात शिवून मिळतील. उत्तम फिटिंगची हमी. एकवेळ अवश्य भेट द्या.

मी म्हटलं, "उर्दूत हे छान दिसेल. पण हे वाचून गिऱ्हाईक आत का येईल?"

तो जरा गप्प राहिला. मग म्हणाला, "यावं म्हणूनच तर पाटी करतोय, सर. मागच्या ईदपासून धंदा बसलाय."

मागच्या ईदला काय झालं ते गावात बऱ्याच जणांना ठाऊक होतं. २०२५ मध्ये ३० मार्चला गुढीपाडवा आला आणि ३१ मार्चला ईद. पाडव्याचे शर्ट, ईदचे कुर्ते-पायजमे आणि पठाणी, सगळं एकाच आठवड्यावर आलं. दारात आलेल्या कुणालाही त्याने नाही म्हटलं नाही. 'पाडव्याआधी देतो', 'चाँदरातीला देतो' असं सांगत गेला. चाँदरात म्हणजे ज्या संध्याकाळी ईदचा चंद्र दिसतो, ती रात्र. त्या रात्री दोन वाजेपर्यंत दुकानासमोर माणसं उभी होती, आणि आत काही कापडं अजून बेतलेलीसुद्धा नव्हती. एक लहान मुलगा सकाळी जुन्याच कुर्त्यात नमाजला गेला. त्याच्या आदल्या दिवशी, पाडव्याच्या सकाळी, एक शेतकरी काका न शिवलेलं कापड परत घेऊन गेले होते. भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "पयलेच नाई म्हटलं असतं तं अकोल्याहून रेडिमेड आणलं असतं ना बापा."

ते पुन्हा आले नाहीत. त्यांच्या घरात त्या उन्हाळ्यात दोन लग्नं होती.

पाटीचा मजकूर लिहिण्याआधी मी दोन दिवस संध्याकाळी त्याच्या बाकावर जाऊन बसलो. येणारा माणूस काय विचारतो, तेवढंच ऐकायचं ठरवलं. विचारणा फिरून फिरून तीनच होत्या. कधी देसान? शिलाई किती? आणि नाही बसलं तर? त्याच्या कागदावरच्या ओळींत या तिन्हींपैकी एकाचंही उत्तर नव्हतं. 'माफक दर' म्हणजे किती, हे विचारायला माणसाला आत यावं लागतं, आणि अनोळखी दुकानात शिरून भाव विचारायचा संकोच अनेकांना असतो. विशेषतः बायकांना.

दुसरी अडचण रस्त्याची. मेडशी अकोला-वाशीम महामार्गावर आहे. रस्ता चौपदरी झाला, तशी गाड्यांची धाव वाढली. ताशी ६० किलोमीटरने जाणारी मोटारसायकल एका सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. पाटी वाचायला तीन सेकंद लागले तर तेवढ्यात ५० मीटर गेलेले असतात. वीस शब्दांची पाटी त्याला वाचताच येत नाही. त्याला एक शब्द दिसला पाहिजे, तोही मोठा. म्हणून वरच्या पाटीवर फक्त 'शिलाई' आणि दुकानाचं नाव, दोन्ही लिपींत. बाकीचं सगळं दारापाशी, उभ्याने वाचता येईल अशा फळ्यावर.

फळ्यावर आम्ही लिहिलं: कुर्ता-पायजम्याची शिलाई किती, शर्टाची किती. माप घेतानाच तारीख पावतीवर लिहून मिळेल. बसलं नाही तर दुरुस्ती फुकट.

"आणि सर, मोबाईलवर तर मी रोज टाकतोच," तो म्हणाला. खरंच टाकत होता. रोज सकाळी व्हॉट्सअॅपवर नव्या कापडाचे फोटो स्टेटसला ठेवायचा. पण स्टेटस दिसतं कुणाला? ज्याच्याकडे आपला नंबर साठवलेला आहे आणि आपल्याकडे त्याचा, त्यालाच. चोवीस तासांनी तेही जातं. म्हणजे स्टेटसने जुन्या गिऱ्हाइकाला आठवण होते, नवं गिऱ्हाईक मिळत नाही. एकच संदेश अनेकांना एकदम पाठवण्याची जी यादी असते, तिचंही तसंच. ज्यांनी आपला नंबर साठवलेला नाही, त्यांना तो संदेश पोचत नाही. म्हणून प्रत्येक पावतीवर नंबर मोठ्या अक्षरांत छापला आणि 'हा नंबर सेव्ह करा, कपडे तयार झाले की कळवू' असं माप घेतानाच सांगायला लावलं. गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद केली. तिला पैसे पडत नाहीत. वेळ, फोन आणि दुकानाचे दोन फोटो पुरतात.

पण हे सगळं वरवरचं होतं. अवघड गोष्ट पुढे होती. यंदा पाडवा १९ मार्चला, आणि ईदही चंद्र दिसेल तशी त्याच्या आगेमागेच. म्हणजे मागच्या वर्षीचाच पेच पुन्हा. मी त्याला कागद-पेन घेऊन बसवलं. दोन मशीनवर दिवसाला किती जोड होतात? सहा. पहिल्या रोज्यापासून हातात किती दिवस? सव्वीस. सहा सव्वीस एकशे छप्पन. वीज जाईल, कारागीर आजारी पडेल, म्हणून सोळा वजा. राहिले १४०. "यापुढचं एकही कापड घ्यायचं नाही," मी म्हटलं.

त्याचा चेहरा उतरला. "सर, वर्षातला हाच तर सीझन. आलेल्या लक्ष्मीला परत पाठवू?"

त्याचं चुकत नव्हतं. या सीझनच्या पैशावर घराचं पुढचं कितीतरी भागतं. मी म्हटलं, मागच्या वर्षी परत पाठवली नाहीस, मग लग्नाचे कपडे कुठे गेले? तो बराच वेळ बोलला नाही. मग खडू घेऊन फळ्याच्या खाली त्याने स्वतःच लिहिलं: 'पाडवा-ईदसाठी १४० जोड घेऊ. आजपर्यंत नोंद:' आणि पुढे आकडा. रोज रात्री तरावीहची नमाज आटोपली की तो आकडा बदलायचा.

लहान धंद्याचं हे गणित काही नवं नाही. १९५९ मध्ये मुंबईच्या गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. सुरुवात चार पाकिटांची. पहिल्याच पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम थांबलं. आधी त्या दोन प्रतींचे पापड करत होत्या, एक स्वस्तातला. त्यांना पैसे देणाऱ्या छगनबापा पारेखांनी सांगितलं, एकच प्रत करा, चांगली करा, तिच्यात कधी खोट येऊ देऊ नका. 'लिज्जत' हे नाव त्यानंतर आलं, आणि टीव्हीवरच्या सशाची जाहिरात तर कितीतरी वर्षांनी. जाहिरातीत सांगायला जे लागतं, ते त्यांनी आधी करून ठेवलं होतं.

आमच्याकडे वाजात, म्हणजे प्रवचनात, एक प्रसंग नेहमी सांगतात. बाजारात धान्याच्या राशीत पैगंबरांनी हात घातला, तर वरून कोरडं आणि आत ओलं. पावसाने भिजलं, असं विक्रेत्याने सांगितलं. मग ओलं वर का ठेवलं नाहीस, म्हणजे लोकांना दिसलं असतं, असं त्यांनी त्याला विचारलं. मी हा प्रसंग लहानपणापासून ऐकतो आहे, पण फळ्यावरचा तो आकडा पाहताना मला तो नव्याने कळला. आपली मर्यादा हेही राशीतलं ओलं धान्यच. ते वर ठेवायला धाडस लागतं.

पहिल्या आठवड्यात आकडा संथ चालला. दोघे-तिघे 'पाहून येतो' म्हणून गेले. मग आकडा जसा पुढे सरकू लागला, तसे लोक लवकर येऊ लागले, कारण आकडा खरा आहे हे दिसत होतं. सोळाव्या रोज्याला १४० पूर्ण झाले आणि त्याने फळ्यावर 'आता ईदनंतर' असं लिहिलं. त्या दिवसापासून आजवर सतरा जणांना त्याने परत पाठवलं आहे. आकडा मला तोंडपाठ आहे, कारण तो रोज रात्री फोन करून जड आवाजात सांगतो.

मापाच्या वहीत मी त्याला आणखी एक रकाना आखायला लावला होता: 'कुणाकडून कळलं?' विसावा रोजा सरल्यावर आम्ही ती वही उघडून बसलो. पाटी पाहून आलेले थोडे, फोनवर पाहून आलेले त्याहून थोडे. सर्वांत जास्त वेळा लिहिलं होतं कुणाचं तरी नातं: मामानं सांगितलं, शेजारणीनं सांगितलं, शाळेतल्या बाईंनी सांगितलं. जाहिरातीवर किती आणि कुठे खर्च करायचा, हे त्याला पुढच्या वर्षी ही वहीच सांगेल. पावतीवरची तारीख पाळणं हा त्यातला सर्वांत मोठा खर्च असेल.

परवा इफ्तारच्या थोडं आधी मी दुकानात होतो. मागच्या पाडव्याला कापड परत नेलेले काका रस्त्याच्या पलीकडे गाडी लावून आले. फळा वाचला. 'आता ईदनंतर' असं होतं.

"बरं झालं, लिहून ठेवलं," ते म्हणाले. "मले घाई नाई. पोराचं लगन मे मयन्यात हाये. माप कधी देऊ?"

त्याने पावतीपुस्तक ओढलं आणि आधी तारीख लिहिली.