कोरडा पुठ्ठा, धुतलेली पिशवी

भिवंडीत भंगारावर कित्येक घरांची चूल पेटते. शहरात यंत्रमागांचा खडखडाट, आणि मानकोली, पूर्णा, राहनाळ, काल्हेरच्या बाजूला मैलोन्‌मैल गोदामं. मागांवरून चिंधी आणि तुटका धागा निघतो, गोदामांतून पुठ्ठा आणि पॅकिंगचं प्लास्टिक. ते गोळा करणारी, निवडणारी, दाबून गठ्ठे बांधणारी माणसं इथंच राहतात. त्यामुळे घरच्या कचऱ्याविषयी आपण जे धरून चालतो त्यातलं खरं किती, हे इथं लगेच कळतं.

‘आम्ही ओला-सुका वेगळा करतो, पण गाडीत सगळं एकत्रच होतं. मग कशाला?’ हा प्रश्न मी सर्वांत जास्त ऐकला आहे. तक्रार पुष्कळदा खरी असते. कचरा वेगळा करून देणं 2016च्या घनकचरा नियमांनी बंधनकारक केलं, तरी तो वेगळाच नेला जाईल याची खात्री सगळीकडे नाही. पण रद्दी, पुठ्ठा, बाटल्या, डबे, पत्रा या वस्तूंनी त्या गाडीत चढण्याची गरजच काय? त्या थेट भंगारवाल्याकडे गेल्या की चार पैसे घरात येतात, चार त्याच्या हाती लागतात, आणि तेवढं वजन वाहून नेण्याचा पालिकेचा खर्च वाचतो. मागे उरतो तो मुख्यतः ओला कचरा. आपल्याकडे घरच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास वाटा त्याचाच असतो. डेपोत दबून, हवा न लागता कुजला की त्यातून मिथेन निघतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या 25 पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. घरच्या कुंडीत किंवा सोसायटीच्या खड्ड्यात, हवा खेळती ठेवून कुजवला तर त्याच कचऱ्याचं खत होतं.

‘कागद काय, कसाही दिला तरी चालतो.’ नाही चालत. कारखान्यात रद्दी पाण्यात घुसळून तिचा लगदा करतात. शाई बरीचशी सुटते, तेल मात्र तंतूंना धरून बसतं. भज्यांचा तेलकट कागद किंवा आमटी सांडलेलं खोकं गठ्ठ्यात गेलं की आजूबाजूचा चांगला मालही बिघडतो. कोरड्या पुठ्ठ्याला भाव मिळतो, भिजलेल्याचा कापला जातो. शिवाय कागद पाच-सात वेळाच पुन्हा वापरता येतो, कारण दर फेरीत तंतू आखूड होत जातात. काच आणि धातू मात्र कितीही वेळा वितळवा.

‘वितळवायला वीज लागतेच ना, मग वाचलं काय?’ ॲल्युमिनियमचं उदाहरण घ्या. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरीच्या बाजूच्या सड्यांवरून बॉक्साइट काढतात. एक टन धातूसाठी असं साधारण चार टन खनिज खणावं लागतं आणि जवळपास 14 हजार युनिट वीज लागते. जुनं भांडं किंवा शीतपेयाचा डबा वितळवून तोच धातू मिळवायला यातली सुमारे 5 टक्केच ऊर्जा पुरते. चेपलेलं पातेलं माळ्यावर पडून राहतं तेव्हा हे सारं अडकून पडलेलं असतं.

प्लास्टिकचं गणित अवघड आहे. बाटलीखालचा बाणांचा त्रिकोण पाहून बरेच जण समजतात की वस्तू नक्की पुन्हा वापरात येणार. आतला आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो. 1 म्हणजे पाण्याच्या बाटलीचं पेट, 2 म्हणजे शाम्पूच्या डब्याचं जाड प्लास्टिक. या दोन्हींना गिऱ्हाईक आहे. वेफर्सच्या चकचकीत पाकिटात प्लास्टिकचे आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते सोडवणं परवडत नाही, म्हणून ती पाकिटं कोणी उचलत नाही. झाकणाची चिंता करू नका. बाटल्यांचा चुरा पाण्याच्या टाकीत टाकला की पेट तळाला बसतं, झाकणाचे तुकडे वर तरंगतात. इतकी साधी युक्ती, पण चुरा खरकटा-चिकट असला की धुण्याचं पाणी आणि खर्च दोन्ही वाढतात. म्हणून बाटली घरीच विसळून द्यावी.

आणि कपडे. यंत्रमागांच्या या गावात ‘जुन्या कपड्यांचं पुन्हा कापड होतंच’ असं सहज म्हटलं जातं. मागावरची चिंधी स्वच्छ आणि एकाच जातीची असते, तिला गिऱ्हाईक मिळतं. घरचा शर्ट सुती आणि पॉलिस्टरच्या मिश्र धाग्याचा, वर बटणं, चेन, छपाई. ते धागे वेगळे करणं कठीण. जगभरात जुन्या कपड्यांपासून पुन्हा नवे कपडे होण्याचं प्रमाण एक टक्क्याहूनही कमी असल्याचा अंदाज आहे. जुनेर फार तर यंत्र पुसायला किंवा गादीच्या भरतीत जातं. म्हणून उसवलेली शिवण घालणं, धाकट्याला थोरल्याचा शर्ट घालणं, गोधडी शिवणं यानं जे वाचतं ते कुठल्याही कारखान्यात वाचत नाही. मिश्र चिंधी पेटवून मोकळं होणं हा तर सर्वांत वाईट मार्ग. तो धूर आपल्याच गल्लीत उतरतो.

भिवंडीत भंगाराच्या गोदामांना आगी लागल्याच्या बातम्या वरचेवर येतात. कारणं वेगवेगळी असतात, पण एक गोष्ट आपल्या हातात आहे. मोबाइलची फुगलेली बॅटरी रद्दीत टाकू नका. दाबयंत्राखाली ती चेपली की पेट घेऊ शकते. ती ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यायची.

दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लोंबता राहू द्या. सुटलेला तुकडा इतका बारीक असतो की तो वेचणं कुणालाच जमत नाही, आणि मग तो गटारात जातो. पिशवी विसळून टाइलला चिकटवा, वाळली की आपोआप गळून पडते. फुटलेला पेला जाड कागदात गुंडाळून, वर मोठ्या अक्षरात ‘काच’ लिहून द्या. गठ्ठा सोडणाऱ्या बाईच्या हातात बहुतेक वेळा मोजे नसतात.