सेवेची इच्छा आणि सेवेची गरज

दि. १७ जानेवारी १९९५. पहाटे ५.४६ वाजता जपानमधील कोबे शहर व परिसर ७.३ तीव्रतेच्या भूकंपाने हादरला. ६,४०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. वृत्त पसरताच देशभरातून माणसे मदतीला धावली. त्यांत विद्यार्थी होते, नोकरदार होते, गृहिणी होत्या. अनेकांचा तर समाजकार्याचा हा पहिलाच अनुभव होता. वर्षभरात त्यांची संख्या तेरा लाखांच्या पुढे गेली. म्हणूनच जपानमध्ये १९९५ हे ‘स्वयंसेवेचे पहिले वर्ष’ मानले जाते.

केवळ सदिच्छा पुरेशी नाही

परंतु या उत्साहाबरोबर एक अडचणही पुढे आली. कोठे किती माणसे हवीत, याची एकत्रित नोंदच नव्हती. एका ठिकाणी मदतनीसांची गर्दी, तर दुसरीकडे कोणीच नाही, अशी स्थिती झाली. या अनुभवातून पुढे ‘आपत्ती स्वयंसेवक केंद्र’ ही व्यवस्था रुजली. १९९८ साली ना-नफा संस्थांसाठी स्वतंत्र कायदा होऊन अशा कार्याला वैधानिक आधारही मिळाला.

केंद्र चालते कसे?

आज तेथे मोठा पूर वा भूकंप झाला, की बहुधा स्थानिक समाजकल्याण परिषद असे केंद्र उघडते. एका बाजूला रहिवाशांच्या गरजा नोंदवल्या जातात : घरातला चिखल काढणे, भिजलेले सामान बाहेर नेणे, वृद्धांना पाणी आणून देणे. दुसऱ्या बाजूला स्वयंसेवकांची नोंदणी व विमा होतो. मग गट पाडून प्रत्येकाला काम, पत्ता व अवजारे दिली जातात. सायंकाळी परतल्यावर गट अहवाल देतो. उरलेले काम पुढच्या दिवसासाठी नोंदले जाते. संकोचामुळे मदत न मागणाऱ्यांच्या दारी कार्यकर्ते स्वतः जातात. ठेवीदाराची शिल्लक गरजू कर्जदारापर्यंत पोहोचवणाऱ्या बँकेचेच हे काम. येथे ठेव असते ती वेळेची आणि श्रमांची.

अर्थात, व्यवस्थेलाही मर्यादा असतात. १ जानेवारी २०२४ रोजी नोटो द्वीपकल्पात भूकंप झाला, तेव्हा रस्ते खचल्यामुळे प्रशासनाने प्रारंभी लोकांना परस्पर न येण्याचे आवाहन केले. कारण रास्त होते. तरीही मदत उशिरा पोहोचल्याची टीका झाली. शिस्त हवीच, पण तिच्यापायी गरजवंत ताटकळत राहू नये, हा तोल साधणे हीच केंद्राची खरी कसोटी होय.

आपला वाटा

संयुक्त राष्ट्रसंघाने १९८५ मध्ये ५ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन म्हणून घोषित केला. ‘काही करावेसे वाटते, पण कोठे जावे?’ हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात असतो. त्यासाठी आपत्तीची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या गावातील एखाद्या विश्वासू संस्थेकडे जाऊन आठवड्यातील किती तास देता येतील व कोणते काम जमेल, हे स्पष्टपणे नोंदवावे. कोणाला हिशेब लिहिता येतो, कोणाला वाहन चालवता येते, कोणी दृष्टिहीन विद्यार्थ्याला पुस्तक वाचून दाखवू शकतो. देऊ केलेले तास थोडे असले तरी चालतील. मात्र ते नियमाने द्यावेत. कारण पलीकडे कोणीतरी त्या तासांवर विसंबून असते.