भरतीच्या पातळीखालचं भातशेत

गोवा म्हटलं की लोकांना किनारे आठवतात. पण मांडवी-झुआरीच्या काठची खाजनं बघितल्याशिवाय गोवा बघितला, असं मी तरी मानत नाही! ही भातशेतं भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहेत. खारं पाणी अडवतो तो चिखल, पेंढा आणि जांभ्या दगडाचा बांध.

खरी करामत मानसची, म्हणजे बांधातल्या लाकडी दरवाजाची. भरतीला नदीच्या पाण्याच्या दाबानेच फळ्या बंद होतात, ओहोटीला आतलं पाणी रेटून त्या उघडतं. ना वीज, ना मोटर. पाणी बाहेर पडताना तिथेच जाळं लावून कोळंबी धरतात.

पावसाने क्षार धुऊन निघाले की कोरगुट भात लावतात. हा वाण खारटपणा सोसतो. दाणा लालसर, आणि पेज? सोबत सुका बांगडा असेल तर विचारूच नका.

खेकड्याचं बीळही वेळीच बुजवावं लागतं, नाहीतर बांध फुटून अख्खं शेत खारं. हे काम पूर्वी गावकरी संस्था बघायची. १९६४च्या कूळ कायद्यानंतर ते कूळ संघांकडे गेलं आणि बऱ्याच बांधांची आबाळ झाली.

खाजनं बघायला दिवाडी बेट उत्तम. जुन्या गोव्याहून फेरीबोट आहे, पावसाळ्यात जा.