चढाईच्या शाळेतले ७५ दिवस

नगरजवळच्या खारे कर्जुन्याच्या के. के. रेंजवर सराव सुरू झाला की आसपासच्या गावांत तोफांचे आवाज घुमतात. नगरकरांना त्याचं काही वाटत नाही. मात्र इथल्या एमआयआरसीत, म्हणजे मेकॅनाइज्ड इन्फंट्रीच्या केंद्रात, घडलेले जवान पश्चिम आफ्रिकेतल्या एका यादवीत शांततेसाठी उभे राहिले होते, हे प्रत्येक नगरकराला ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं.

ही रेजिमेंट २ एप्रिल १९७९ची. पायदळाच्या जुन्या, नावाजलेल्या पलटणी एकत्र आणून ती उभी केली. तिचं मुख्य हत्यार बीएमपी-२: सुमारे १४ टनांची, पट्ट्यांवर धावणारी, पाण्यात तरणारी गाडी. वर ३० मिलिमीटरची तोफ, आत चालवणारे तिघे आणि सात जवान. मागची दारं उघडली की जवान थेट लढाईत उतरतात. नगरला शिकवलं जातं ते हेच, वेगानं चढाई करणं.

सिएरा लिओनमध्ये वेळ आली ती थांबण्याची.

तिथली यादवी १९९१ला पेटली. जुलै १९९९मध्ये लोमे इथं करार झाला, बंडखोरांनी शस्त्रं खाली ठेवावीत असं ठरलं. ती जमा करून घ्यायला संयुक्त राष्ट्रांचं शांतिदल गेलं. त्याचे सेनापती होते मेजर जनरल विजय जेटली. मे २००० उजाडताच बंडखोर उलटले आणि त्यांनी शांतिदलाचे सुमारे ५०० जण ओलीस धरले. काईलाहूनला भारताच्या गुरखा पलटणीच्या आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीच्या तुकड्यांना वेढा पडला. मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे मेजर राजपाल पुनिया तिथं होते. शस्त्रं द्या आणि निघून जा, असा बंडखोरांचा निरोप आला. जवानांनी शस्त्रं दिली नाहीत.

मग सुरू झाल्या वाटाघाटी. लायबेरियाच्या मध्यस्थीनं बहुतेक ओलीस मे महिन्यातच सुटले, काईलाहूनचा वेढा मात्र उठेना. शिधा संपत चाललेला, वर आफ्रिकेतला पावसाळा. अशा ठिकाणी घाईनं झाडलेली एक फैर इतरत्र अडकलेल्यांच्या जिवावर बेतली असती. म्हणून ७५ दिवसांचं ते थांबणं मला कुठल्याही चढाईइतकंच शौर्याचं वाटतं. मुत्सद्द्यांना बोलायला जो वेळ मिळाला, तो या जवानांनी उपाशीतापाशी राहून दिलेला होता.

बोलणी खुंटली तेव्हा ‘ऑपरेशन खुकरी’ ठरलं. १५ जुलैच्या पहाटे ब्रिटिश चिनूक हेलिकॉप्टरांनी कमांडो उतरवले आणि वेढ्यातल्या ११ लष्करी निरीक्षकांना बाहेर काढलं. वेढ्यातले जवान पेंडेंबूच्या वाटेनं लढत निघाले, डारूच्या तळावरून दुसरी फळी त्यांना भेटायला पुढे सरकली. चिखलानं भरलेल्या त्या रस्त्यावर नगरची शिकवण अखेर कामी आली. १६ जुलैला सगळे डारूला पोचले.

वेढ्यातले २२२ भारतीय जवान सुखरूप सुटले. त्यांना सोडवायला गेलेल्यांपैकी एक हवालदार परतला नाही.