तंबोऱ्यातील गंधार

शाळेच्या स्नेहसंमेलनाची तयारी चालू असताना दहावीच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने मला एक प्रश्न विचारला. गाणाऱ्या मुलींच्या मागे बसून तंबोरा छेडण्याचे काम त्याच्याकडे होते. तो म्हणाला, "सर, या तंबोऱ्याला तारा चार. पहिली पंचमाची, उरलेल्या तिन्ही षड्जाच्या. मग मधूनच गंधार ऐकू येतो, तो कोणत्या तारेचा?"

प्रश्न साधा होता. पण त्याचे उत्तर संगीताच्या पुस्तकात शोधावे, पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात शोधावे, की तंबोरा घडविणाऱ्या कारागिराला विचारावे, असा पेच मला पडला. कला, विज्ञान आणि तंत्र या तीन वाटा कोठे एकत्र येतात, यावर आपण व्याख्याने पुष्कळ ऐकतो. मला त्या वाटांची भेट चार बोटे रुंदीच्या एका घोडीवर झालेली दिसली. तीच हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

प्रथम विज्ञानाची बाजू पाहू. ताणलेली तार छेडली म्हणजे ती केवळ सबंध लांबीनेच कंप पावते असे नाही. त्याच वेळी ती दोन भागांत, तीन भागांत, चार भागांत, पाच भागांतही कंप पावत असते. हिशेबाच्या सोयीसाठी असे धरू की, खर्जाची तार सेकंदाला 100 वेळा कंप पावते. तर तिच्यातून 200, 300, 400, 500 अशी आंदोलनेही निघतात. 100, 200 आणि 400 हे सारे षड्जच, एकाहून एक वरच्या सप्तकातले. 300 हा पंचम. आणि 500 हा 400 च्या सव्वापट, म्हणजे शुद्ध गंधार. तो कोणी लावलेला नसतो, म्हणून आपले गायक त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. माझ्या विद्यार्थ्याला ऐकू आला तो हाच, खर्जाच्या तारेच्या पोटातला.

एवढे सांगून मी समाधान मानले असते. पण मुलगा चौकस होता. त्याने प्रयोगशाळेतील स्वरमापकाची तार छेडून पाहिली आणि तो पुन्हा माझ्याकडे आला. "सर, याही तारेत पाच भाग होतच असणार. मग येथे गंधार इतका स्पष्ट का ऐकू येत नाही?"

हा दुसरा प्रश्न पहिल्याहून अवघड. त्याचा विचार आपल्या देशात एका थोर शास्त्रज्ञाने केलेला आहे. चंद्रशेखर वेंकट रामन हे 1907 साली हिशेब खात्यातील अधिकारी म्हणून कलकत्त्यास आले आणि कचेरीच्या वेळेआधी व नंतर तेथील विज्ञानसंस्थेत प्रयोग करू लागले. 1917 साली ती नोकरी सोडून ते विद्यापीठात प्राध्यापक झाले. प्रकाशावरील संशोधनासाठी 1930 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच्या कितीतरी आधी त्यांनी मृदंग, तबला, वीणा आणि तंबोरा यांचा अभ्यास केला होता, हे फार थोड्यांस ठाऊक असते.

तारेविषयी यंग या इंग्रज शास्त्रज्ञाचा एक नियम आहे. तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूवर ज्या उपस्वराची तार स्थिर राहावयास हवी, तो उपस्वर उमटतच नाही. म्हणजे तार बरोबर पाचव्या हिश्श्यावर छेडली, तर पाच भागांचा तो गंधार ऐकू येता कामा नये. रामन यांनी 1921 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविले की, तंबोरा हा नियम पाळीत नाही. जे उपस्वर उमटू नयेत तेही त्यातून खणखणीत उमटतात.

याचे कारण घोडीत आहे. स्वरमापकाची तार धारदार कडेवर टेकलेली असते. तंबोऱ्याची घोडी मात्र रुंद आणि किंचित बाकदार असते. तार कंप पावताना प्रत्येक हेलकाव्याला त्या बाकावर थोडी लोळते आणि पुन्हा उचलली जाते. त्यामुळे तिची कंप पावणारी लांबी क्षणोक्षणी रेसभर कमीजास्त होते, आणि मूळ स्वरातील शक्ती वरच्या उपस्वरांत सतत वाटली जाते. घोडी आणि तार यांच्यामध्ये जो बारीकसा दोरा सरकवितात, तो तारेला नेमक्या जागी घोडीला निसटता स्पर्श करावयास लावतो. या साऱ्या रचनेला आपण जवारी म्हणतो. दोरा काढून घेतला की तार मुकी झाल्यासारखी वाटते. तो केसभर सरकविला की ती बोलू लागते.

आता तंत्राची बाजू. आमच्या शाळेच्या तंबोऱ्याची जवारी उतरली होती. तो घेऊन मी मिरजेस गेलो, तेव्हा हा विद्यार्थीही बरोबर आला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, पूर्वी हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी मिरजेत तंतुवाद्ये घडविण्यास आरंभ केला, असे तेथील परंपरा सांगते. मंगळवेढे-पंढरपूरकडचे भोपळे, तुणीचे लाकूड आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे हात यांतून तेथे सतार व तंबोरे तयार होतात. 2024 साली मिरजेच्या या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाले.

ज्या वृद्ध कारागिराकडे आम्ही गेलो, त्यांनी तारा सैल करून घोडी मोकळी केली आणि कानशीने ती घासावयास घेतली. दोनचार हात फिरवावे, तारा चढवाव्या, दोरा सरकवावा, ऐकावे. पुन्हा तारा उतरवाव्या, पुन्हा घासावे. असे दीड तास चालले. माझ्या विद्यार्थ्याने विचारले, "चाचा, कोठे थांबायचे ते तुम्हांला कसे कळते?" ते म्हणाले, "बाळ, गंधार आला की थांबायचे. पुढे एक हात जास्त फिरला की गेला."

परतीच्या गाडीत मुलाने वहीत काही लिहिले व मला दाखविले. त्याचा आशय असा होता की, चाचांना उपस्वरांचे गणित ठाऊक नाही. पण आपण पुस्तकात वाचलेला गंधार त्यांच्या कानशीतून निघाला. रामन यांनी कारण सांगितले ते घोडी घडल्यानंतर. मग आधी कोण, कलावंताचा कान, कारागिराचा हात, की शास्त्रज्ञाची बुद्धी?

मला वाटते, या प्रश्नाचे उत्तर देताना कोणा एकाला गादीवर बसविण्याचा मोह टाळावा. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या कंठातील स्वर मोजून 1910 साली बावीस श्रुतींवर ग्रंथ लिहिला. गायकाचा कान आणि अभ्यासकाचे गणित यांचा तो सुंदर मेळ होता. पण त्याच श्रुती पेटीत बसवून ती पेटी 1916 साली बडोद्याच्या संगीत परिषदेत पुढे आली, तेव्हा आमच्या गायकीचे स्वर हे नव्हेत, असा आक्षेप जाणकारांनी घेतला. आकडा कितीही शुद्ध असो, त्याला कानाची संमती लागते.

उलट कानाला आकड्याचा आधारही होतो. मी रविवारच्या मिस्सेला पेटी वाजवितो. पेटीचा गंधार तंबोऱ्याबरोबर खटकतो, हे मला अनेक वर्षे जाणवे. का खटकतो ते कळत नसे. हिशेब केला तेव्हा उमगले. वरच्याच उदाहरणात तंबोऱ्याचा गंधार 500 आंदोलनांचा. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असल्याने तिचा गंधार सुमारे 504 आंदोलनांचा. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला चार वेळा लाट उठते व पडते. कानाची तक्रार खरी होती. गणिताने तिला साक्ष दिली.

श्रोतेहो, यात केवळ कुतूहलाचा विषय नाही. चाचांचा मुलगा पुण्यास कारखान्यात नोकरी करतो, आणि त्याला दोष कोण देईल? आज मोबाईलमध्येही तंबोरा वाजतो. एकट्याने रियाज करणाऱ्याची त्याने मोठी सोय झाली आहे. परंतु त्या यंत्रातला ध्वनीही शेवटी कोणातरी कारागिराने जवारी काढलेल्या तंबोऱ्याचीच प्रतिमा आहे. रामन यांचा निबंध कपाटात सुरक्षित राहील. कानशीचा कोणता हात शेवटचा, हे मात्र कोणत्याही निबंधात लिहिलेले नाही. ते हातातून हातात गेले तरच टिकेल.

माझ्या विद्यार्थ्यापुढे लवकरच शाखा निवडण्याचा प्रश्न होता. घरच्यांचे म्हणणे विज्ञान, मनाचा ओढा गाण्याकडे. त्याने मला सल्ला विचारला. मी त्याला एवढेच म्हणालो की, शाखा कोणतीही घे, पण सुटीत महिनाभर चाचांच्या कारखान्यात बसून ये. त्याने विज्ञान घेतले, आणि मे महिन्यात तो मिरजेस जाऊन राहिला. पहिल्याच आठवड्यात त्याने दोन घोड्या बिघडविल्या, असे चाचांनी मला फोनवर सांगितले. सांगताना ते हसत होते.

मीही माझ्या शिकविण्यात एक बदल केला आहे. नादाचा धडा आता मी स्वरमापक आणि तंबोरा शेजारी शेजारी ठेवून शिकवितो. मुलांना डोळे मिटावयास सांगतो, खर्जाची तार छेडतो आणि जवारीचा दोरा हलकेच बाहेर ओढतो. गंधार नाहीसा होतो. दोरा पुन्हा आत सरकवितो. गंधार परत येतो. मग ती का, कसे, कोणी केले, असे विचारू लागतात, आणि धडा तेथून सुरू होतो. आपल्या घरी तंबोरा असेल, तर आपणही आपल्या मुलांसह हे एकदा करून पाहावे.