डावे-उजवे

मराठीच्या इन्स्क्रिप्ट मांडणीत स्वर डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या. मनगटे दुखतात म्हणून घरीच जुळवलेला माझा दुभंग कळफलक एके दिवशी उलटा वागू लागला. ‘क’ दाबावा तर हलन्त उमटे! कादंबरी अडली. कळा, तारा शाबूत होत्या. यूएसबीची वायर उजव्या भागाला होती. आणि आतले ‘क्यूएमके’ हे फर्मवेअर, वेगळे सांगितले नाही तर, संगणकाला जोडलेला भाग डावाच धरते. बँकेत ताळा जुळेना की आम्ही फरकाच्या निम्मी रक्कम शोधत असू. नावेची नोंद जमेला पडलेली सापडे. इथेही बाजूच चुकली होती. दोन्ही भागांच्या स्मृतीत आपापली बाजू नोंदवली, फर्मवेअरला ती वाचायला सांगितले. आता वायर कुठेही जोडा, ‘क’ हा ‘क’च उमटतो.